नोकरी लागल्यानंतरचे दलित साहित्य

१

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने राजीनामा दिला. ते मातंग समाजातले. घरातले पहिले पदवीधर. विषय अर्थशास्त्र. राखीव जागेची रीतसर जाहिरात निघाली, मुलाखत झाली, विद्यापीठाची मान्यता आली, आणि ते रुजू झाले. चार वर्षे त्यांनी शिकवले. राजीनाम्याचा अर्ज दोन ओळींचा होता. वैयक्तिक कारणास्तव पदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारावा, एवढाच मजकूर. संस्थेने तो आठ दिवसांत स्वीकारला. एरवी त्याच संस्थेत रजेचा साधा अर्ज महिनाभर टेबलावर पडून असतो.

मी मराठीची अध्यापक आहे. मजकूर वाचणे हे माझे काम आहे. बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथावर जो माणूस विद्यार्थ्यांपुढे तासभर न अडखळता बोलत असे, त्याला स्वतःच्या जाण्याविषयी ‘वैयक्तिक कारणास्तव’ यापलीकडे शब्द सापडू नयेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ही कारणे वैयक्तिक नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. गावात घर मिळायला त्यांना सात महिने लागले. स्थाननिश्चितीची फाईल दोनदा ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत आली, आणि दुसऱ्या वेळची त्रुटी पहिल्या वेळी कुणाला दिसली नव्हती. विभागाच्या बैठका झाल्यावर त्यांना कळत. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृह आणि चौदा एप्रिलचा कार्यक्रम ही कामे मात्र न मागता त्यांच्याकडे येत. यांतले एकही कारण राजीनाम्यात लिहिता येत नाही, कारण प्रत्येक कारण सुटे घेतले तर क्षुल्लक ठरते.

त्यांची जागा आता पुन्हा रिकामी आहे. बिंदुनामावलीच्या तक्त्यात तो बिंदू चार वर्षे भरलेला दिसला. आता तो रिक्त दिसेल, उद्या पुन्हा भरेल. तेथे कोण आला होता आणि का गेला, यासाठी तक्त्यात रकाना नाही.

आणि इथेच माझा साहित्याविषयीचा प्रश्न सुरू होतो. हा रकाना आपल्या साहित्यात तरी आहे काय? भूक, गावकूस, शाळेतला अपमान, वसतिगृह, मॅट्रिकचा निकाल हे सारे आपण लिहिले, आणि जगाने ते वाचले. परंतु नोकरी लागल्यानंतरचे दलित जीवन, विशेषतः शिक्षणसंस्थेच्या स्टाफरूममधले जीवन, आपल्या साहित्यात किती आले? जेथे आले, तेथे आपण समीक्षकांनी ते नीट वाचले काय? या लेखात मी या दोन प्रश्नांचा विचार करणार आहे.

२

आरंभ बाबासाहेबांच्याच अनुभवापासून केला पाहिजे. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत त्यांनी ही हकिकत सांगितली आहे. या हकिकतीचे वाचन आपण नेहमी ‘अपमानाचा प्रसंग’ म्हणून करतो. ती नोकरीची हकिकत म्हणून वाचून पाहावी, असे माझे म्हणणे आहे.

नेमणूक झाली होती. महाराजांची इच्छा होती, परदेशी पदव्या होत्या, करार होता. आजच्या भाषेत बोलायचे तर भरतीत कसलीही उणीव नव्हती. उणीव होती ती मुक्कामाची. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज त्या वेळी एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरतच होता. एक हिंदू स्नेही म्हणाला की तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती स्नेह्याला बायकोचे मत विचारायचे होते, आणि ती परगावी होती. शेवटी काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या हकिकतीत काठ्या घेतलेल्या जमावापेक्षा ते दोन स्नेही आणि तो फिरणारा अर्ज मला अधिक महत्त्वाचे वाटतात. जमाव नेहमी येत नाही. आज तर तो सहसा येत नाहीच. परंतु नोकर निघून जातील अशी भीती असलेला सहृदय स्नेही आजही आहे आणि फिरणारा अर्जही आहे. उच्चविद्याविभूषित दलित माणूस नेमला गेला परंतु टिकवला गेला नाही, याचे आधुनिक काळातले हे एक ठळक उदाहरण आहे. बडोदे संस्थानच्या दप्तरात या जाण्याचे कारण काही का लिहिले असेना, ते वैयक्तिक नव्हते.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला गर्दी करीत. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मान्यता आणि स्टाफरूममध्ये हरकत, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली ती लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी. हे जाणे त्यांच्या इच्छेचे होते, आणि बडोद्याचे जाणे इच्छेविरुद्धचे. दोन्ही जाण्यांची नोंद एकाच शब्दात करणारे दप्तर खोटे असते, एवढे तरी आपण मान्य करू.

३

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातील शीर्षककथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विद्रोह, मनूविरुद्धचा संताप, नवी भाषा असे तिचे विशेष सांगितले जातात. ते बरोबरच आहेत. परंतु त्या कथेचा मूळ पेच कोणता, हे कुणी स्पष्टपणे सांगितलेले मला आढळले नाही. तो पेच नोकरीचा नाही. निवेदकाला रेल्वेत नोकरी लागलेली आहे. सुरतजवळच्या उधन्याला त्याला राहायला जागा हवी आहे. जागेसाठी जात विचारली जाते आणि तेथून चोरी सुरू होते.

बडोदे आणि उधना ही एकाच लोहमार्गावरची ठिकाणे. एका ठिकाणी घडलेला प्रसंग १९१७ मधला आणि दुसऱ्या ठिकाणची कथा १९६३ मधली. मध्ये स्वातंत्र्य आले, संविधान आले, राखीव जागा आल्या. आणि तरीही दोन्हीकडे नोकरी मिळालेला माणूस छपरासाठी ओळख लपवतो, आणि ओळख उघडी होताच त्याला तेथून हाकलले जाते. फरक एवढाच की बागुलांनी निवेदकाशेजारी काशीनाथ उभा केला. काशीनाथ जात लपवीत नाही, दबत नाही, हातघाईवर येतो. समीक्षक त्याला विद्रोहाचे प्रतीक म्हणतात. मला तो आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या कारखान्यात निवेदक एकटा नसतो, म्हणून तो जिवंत परत येतो. दुसरा एक माणूस असणे ही केवढी गोष्ट आहे, हे ज्याने एकट्याने नोकरी केली त्यालाच कळेल.

आमच्या महाविद्यालयात माझा सहकारी होता तोवर आम्ही दोघे होतो. आता मी एक आहे. बैठकीत मी बोलले की ते ‘तुमच्या लोकांचे मत’ होते, आणि गप्प बसले की तुमच्या लोकांची संमती होते. एका माणसाच्या डोक्यावर साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व ठेवले की तो माणूस अध्यापक उरत नाही. तक्त्यातला बिंदू होतो.

४

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे १९८१ सालचे पुस्तक मी दरवर्षी वाचते. त्यातील संस्कृत शिक्षणाची कथा सर्वांना परिचित आहे. दलित मुलीने संस्कृतची एम.ए. पदवी मिळवली याचे जाहीर कौतुक झाले, सत्कार झाले, आणि नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे आडनाव आले, आणि त्यानंतर शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. पावडेबाई स्वतःच हिशेब मांडतात की नोकरी नव्या आडनावाला मिळाली, जुने आडनाव उपेक्षितच राहिले. आपल्या यशातही त्यांनी स्वतःला फसवून घेतले नाही. मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात इतका निर्दय हिशेब मला फारसा कुठे आढळलेला नाही.

हा हिशेब वाचताना मला माझे कागद आठवतात. लग्नानंतर मी आडनाव बदलले नाही. त्यात तत्त्व होते आणि व्यवहारही होता. जातवैधता प्रमाणपत्र वडिलांच्या आडनावाचे, आणि नाव बदलले की राजपत्रापासून साऱ्या दप्तरांचे हेलपाटे. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंनी मला प्रेमाने सांगितले, “अगं, सासरचं आडनाव लाव. चांगलं आहे, कुणाला काही कळत नाही.” सासरचे आडनाव खरोखरच तसे आहे, चार जातींत सापडते. बाईंच्या मनात वाईट काही नव्हते. उधन्याला जे भीतीपोटी करावे लागले, तेच त्या मला सोय म्हणून सुचवीत होत्या.

त्याच कथेत गोखले गुरुजी आहेत. शाळेत त्या मुलीला मनापासून संस्कृत शिकवणारे ब्राह्मण शिक्षक. विद्यापीठातल्या विभागात तिला जी वागणूक मिळाली, ती याच्या उलट होती. पावडेबाईंनी दोन्ही नोंदले. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. माणसाला टिकवून धरणारी व्यक्ती कोणत्याही जातीची असू शकते. परंतु एखाद्या गोखले गुरुजींच्या भरवशावर व्यवस्था चालवता येत नाही. गुरुजी निवृत्त होतात आणि विभाग तसाच राहतो.

५

मग प्रश्न असा की स्टाफरूम आपल्या साहित्यात इतकी विरळ का? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण उघड आहे. गाव सोडल्यावर गावाविषयी लिहिता येते. स्टाफरूमविषयी लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच स्टाफरूममध्ये सही करायची असते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच हातात गोपनीय अहवाल असतो. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये १९७८ साली एक विलक्षण मांडणी केली. दगडू पवार बोलतो आणि पांढरपेशा दया पवार ऐकतो. या मांडणीचा अर्थ समीक्षेने ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असा लावला. मला तो पुरेसा वाटत नाही. कचेरीतला माणूस स्वतः बोलू शकत नाही, म्हणून गावातल्या माणसाला बोलते करावे लागते, हाही त्याचा एक अर्थ आहे. कचेरीतल्या माणसाचे बोलणे अजून बाकी आहे.

दुसरे कारण वाचकांचे. प्रस्थापित वाचकाला आपली भूक पाहायची असते. भूक दूरची असते, तिच्यात त्याचा थेट संबंध नसतो, हळहळता येते. स्टाफरूममध्ये तो स्वतः बसलेला असतो. मी आजवर शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत दलित आत्मकथनांचे जे उतारे होते, ते जवळजवळ सगळे बालपणाचे होते. दलित माणूस अभ्यासक्रमात नेहमी आठ-दहा वर्षांचा असतो. तो चाळीस वर्षांचा होऊन शेजारच्या खुर्चीवर बसला की अभ्यासक्रम संपतो. परिणाम असा की मराठी विभागात ‘दलित साहित्य’ ही अभ्यासपत्रिका कायम असते आणि ती शिकवणारा दलित अध्यापक तासिका तत्त्वावर असतो. पुस्तकाला विभागात जागा आहे, पुस्तक लिहिणाऱ्याच्या भावंडाला नाही.

तिसरे कारण आपले स्वतःचे आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी तीव्र खंत व्यक्त केली. ती खंत खरी होती आणि आजही खरी आहे. परंतु चळवळीत तिचा उपयोग कसा झाला? नोकरदार म्हणजे सुखावलेला, ‘दलित ब्राह्मण’, समाजापासून तुटलेला, असे आपण ठरवून टाकले. त्यामुळे त्याच्या दुःखाला दुःख म्हणण्याचीही लाज वाटू लागली. ज्याचा बाप हमाली करून मेला, त्याने स्थाननिश्चितीच्या फाईलविषयी कसे रडावे? मीसुद्धा असेच समजत होते. माझी आई अजून दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने सांगू की मला बैठकीला बोलावले नाही? परंतु याच लाजेवर व्यवस्था जगते. आपण गप्प बसतो, राजीनाम्यात ‘वैयक्तिक’ लिहितो, आणि व्यवस्था म्हणते की बघा, कुणाची तक्रार नाही.

६

आता थोडे आजच्या व्यवस्थेविषयी. लढा अजूनही प्रवेशाचाच चालू आहे, हे मी विसरत नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक मानले, आणि ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. तेरा बिंदूंच्या त्या हिशेबात अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा आणि जमातीचा चौदावा. ज्या विभागात सहाच पदे, तेथे आमचा माणूस कधीच येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि केंद्रीय संस्थांपुरते विद्यापीठ हे पुन्हा एकक ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये राखीव पदे खुली करण्याची वाट काढणारा आयोगाचा मसुदा आला, आणि विरोध होताच तो मागे घ्यावा लागला. ही राखण करावीच लागणार आहे.

परंतु राखण दाराची झाली, घराची नाही. महाराष्ट्रात २००१ च्या आरक्षण कायद्याने अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. या टक्क्यांचा हिशेब पदांवर होतो. तासिका तत्त्वावर राबणाऱ्याला ‘पद’ नसते, म्हणून तो टिकला की गेला हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढली. सत्र संपले की मानधन संपे. मे महिन्यात मी गावी जाऊन आईबरोबर कापूस वेचलेल्या रानातल्या पऱ्हाट्या उपटत असे आणि जूनमध्ये पुन्हा वर्गावर उभी राहून मर्ढेकर शिकवत असे. दरवर्षी नवी मुलाखत होई. सहा वर्षे मी त्या महाविद्यालयात होते, पण त्या महाविद्यालयाच्या दप्तरात मी सहा वेळा आले आणि सहा वेळा गेले.

कायम झाल्यावर विभागप्रमुखांनी मला ‘दलित साहित्य’ ही अभ्यासपत्रिका दिली. म्हणाले, “तुमचाच विषय आहे.” माझा विषय भाषाविज्ञान होता. ते शिकवायला मागितले तेव्हा ते हसले. मला माझे साहित्य शिकवायला आनंदच वाटतो. परंतु जे माझे म्हणून दिले जाते ते कुंपण असते, आणि कुंपणाच्या आत माणूस वाढत नाही. पावडेबाईंना संस्कृत हवे होते, मला ध्वनिविचार हवा होता. ज्ञानाचे कोणतेही क्षेत्र मला वर्ज्य नाही असे जोवर विभाग मानत नाही, तोवर माझी नेमणूक अपुरीच आहे.

७

हे सारे दुसऱ्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याच माणसांनी चालवलेल्या कितीतरी संस्थांत तासिका तत्त्वावरचा अध्यापक तसाच राबतो. तेथेही ‘देणगी’ मागितली जाते, आणि मागणाऱ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. अनुसूचित जातीची एखादी जागा भरली गेली की ती ‘आपल्याला’ मिळाली, असे आम्ही बौद्ध म्हणतो. माझ्या मातंग सहकाऱ्याच्या बाजूने आमच्या संघटनेने एक निवेदनही दिले नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मुभा राज्यांना दिली, तेव्हा आपल्यात जो वाद झाला तो वर्गवारीचा झाला. एकमेकांना टिकवण्याचे कर्तव्य त्यात कुणी काढले नाही. ते जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना थांबवायला गेले. ते म्हणाले, “बाई, चार वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्या घरी आलात.” त्यावर मला उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही.

८

शेवटी एका संस्थेचे स्मरण करते. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद म्हणून ओळखले गेले. बडोद्यात ज्याला छप्पर मिळाले नव्हते, त्या माणसाने नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे उभी केली. प्राचार्य म्हणून त्यांनी म. भि. चिटणीस यांना आणले. ते सवर्ण होते, आणि ते तेथे रमले, दलित मुलांना घडवू लागले, ‘युगयात्रा’ नाटक लिहू लागले. तेथेच पुढे म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे शिकवू लागले. दलित साहित्याची चळवळ त्या आवारात वाढली, हा योगायोग नव्हे. तेथे शिकवणारा माणूस एकटा नव्हता, त्याला राहायला जागा होती, आणि कोणता विषय ‘त्याचा’ हे जातीवरून ठरत नव्हते. वेगवेगळ्या जातींची माणसे एका ठिकाणी कशी टिकवावीत याचा आपला स्वतःचा धडा आपल्याजवळ आहे. तो आपण इतिहास म्हणून मिरवतो, आणि आपल्या संस्थांत वापरत नाही.

या अंकाच्या वाचकांत कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत, माझ्यासारखे अध्यापक आहेत. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की किती जागा भरल्या याबरोबर किती माणसे पाच वर्षे टिकली, किती गेली आणि जाताना कोणत्या श्रेणीत होती, हेही प्रत्येक विद्यापीठाला माहितीच्या अधिकारात विचारावे. अध्यापकांना विनंती आहे की शेजारच्या महाविद्यालयात नवा माणूस रुजू झाला तर पहिल्या आठवड्यात त्याच्या खोलीवर जावे, तो कोणत्या जातीचा हे न पाहता. आणि लिहिणाऱ्यांनी स्टाफरूमविषयी लिहावे. कलात्मकतेची चिंता करू नये, तारीखवार लिहावे. कोणत्या दिवशी बैठक झाली, केव्हा कळले, फाईल कितव्यांदा परत आली.

मी माझ्या सहकाऱ्याला पत्र लिहून राजीनाम्याची खरी कारणे मागितली आहेत. ते आता पुण्यात एका खाजगी शिकवणीत शिकवतात. उत्तर अजून आलेले नाही. आले, आणि त्यांची परवानगी असली, तर ते याच पृष्ठांवर छापावे अशी संपादकांना मी आजच विनंती करून ठेवते.